गोदाबाईचं रडणं

पंजाबराव मेला तो चहा पिता पिता. आजारी नाही, पाजारी नाही. अमरावतीच्या फुलबाजारात पुंजारामच्या शेजारी बसला होता, बशीत चहा ओतला, फुंकर घातली, म्हणाला, "पुंजाराम, औंदा शेवंतीची रोपं आपण..." आणि तिथंच थांबला. शेवंतीच्या रोपांचं काय करायचं होतं, ते आता कोणाला विचारावं? पुंजारामला आधी वाटलं, आठवून राहिला असेल. मग बशी कलली.

त्या दिवसापासून पुंजारामचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आता माणसं मरतात हे काय त्याला माहीत नव्हतं? अहो, वलगावच्या या माळ्याचा अर्धा धंदा लग्नांवर चालायचा आणि अर्धा मढ्यांवर. जन्मभर त्यानं झेंडूचे हार दोन्हीकडे सारखेच दिले. कोणी 'मयतीले पाहिजे' म्हटलं की जरा ताजे निवडून द्यायचा, बस. मरण म्हणजे एक गिऱ्हाईक होतं. यायचं, हार घ्यायचं, जायचं. पण पंजाबराव त्याच्याच वयाचा, त्याच्याच वर्गातला, त्याच्यासारखाच तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा. तो असा बसल्या जागी गेला तेव्हा पुंजारामला कळलं, की हे गिऱ्हाईक आपल्यालाही ओळखतं.

मग सुरू झाली तगमग. मयतीचा हार मागायला कोणी आलं की हा उठून पाणी प्यायला जायचा आणि पोरगा गजेंद्र, त्याला पुढं करायचा. घडीघडी मनगट धरून नाडी पाहायचा. लागली तर फार जोरात चालली वाटायची, नाही लागली तर संपलंच वाटायचं. चहा सोडला. जेवताना मधेच उठून दारापर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा. घरात 'मेला' हा शब्द बंद. सून रागिणी एकदा सहज म्हणाली, "मेलं हे मिक्सर फिरतच नाई," तर तिच्यावर असा खेकसला की बिचारीनं त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली.

डॉक्टरनं छातीला वायरी लावल्या, कागद पाहिला आणि सांगितलं, "काका, काही नाही. गॅस आहे."

"पंजाबरावलेही गॅसच होता," पुंजाराम म्हणाला आणि उठला.

बायको जमुना त्याला सांभाळून घ्यायची, पण तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. "अव, जितेपणी इतकं मरू नका ना," ती म्हणायची. तो तिच्याकडे असा बघायचा की जणू तिनंच शाप दिला.

अशात वैशाखातल्या एका सकाळी ते झालं. मळ्यात विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली पुंजाराम उभा होता. इतक्या लवकरच ऊन असं तापलं होतं की त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला आणि भिजवायला बादलीत घातला. तेवढ्यात वरून फडफड झाली आणि कावळा त्याच्या डोक्यावर येऊन बसला. चाटून गेला नाही हो, बसला. पंजे टेकवले, एकदा ओरडला आणि उडाला. वैशाखात कावळ्यांची घरटी असतात, पिलं असतात, ते माणसावर झडप घालतात, हे मळ्यात जन्म गेलेल्या माणसाला सांगायला नको. पण त्या घडीला पुंजाराम माळी नव्हता, नुसता घाबरलेला जीव होता. दुपट्टा बादलीतच सोडून तो घराकडे पळत सुटला.

"मले कावळा शिवला!" अंगणात येऊन तो ओरडला.

रागिणीनं पदर तोंडात कोंबला आणि आत पळाली. जमुनानं कपाळावर हात मारला. "अव, हळू बोला! सुनेसमोर काय बोलून राहिले तुमी?"

"शिवला म्हणजे बसला! डोक्श्यावर बसला!"

आता मात्र जमुनाचाही चेहरा उतरला. वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत असतं, कावळा डोक्यावर बसणं म्हणजे काय. ते मरणाचं बोलावणं. आणि त्याचा उतारही सगळ्यांना माहीत असतो. रक्ताच्या माणसाला खोटी खबर धाडायची, की अमका गेला. ते माणूस खरं समजून रडतं. त्याची आसवं पडली की मरण फसतं, काम झालं समजून परत जातं. मग सांगायचं, बापा, रडू नको, जिता हाये. पण आसवं खरी पाहिजेत. खोट्या रडण्यानं ते उतरत नाही.

घराबाहेरचं रक्ताचं म्हणजे आता एकच माणूस होतं. पुंजारामची थोरली बहीण गोदाबाई, अकोल्याला दिलेली. नवरा वारला, पोरं पुण्याकडे, डाबकी रोडवर एकटी राहायची. बहीणभावात भांडण नव्हतं, पण एक काटा होता. चाळीस-बेचाळीस वर्षांमागं बाप गेला तेव्हा गोदाबाई मातीला आली नव्हती. निरोप गेला होता, तरी नाही आली. तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर उगवली. पुंजारामनं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. दर भाऊबीजेला तो ताटात ओवाळणी टाकायचा आणि एखादा टोमणाही टाकायचा, "बाई, ये व लवकर. तू त नेहमी उशिराच येतेस." मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

"बाईलेच फोन लाव," तो गजेंद्रला म्हणाला.

गजेंद्रला हे सगळं बह्याडपणाचं, खुळेपणाचं वाटत होतं. पण बापाचा चेहरा पाहून त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि झेंडूचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाला, "आत्याबाई, बाबा गेले."

पलीकडं काहीच नाही. मग गोदाबाईचा आवाज आला, "कवा?"

"आता. सकाळी."

"बरं," ती म्हणाली. फोन कट झाला.

बरं? सख्खा भाऊ गेला आणि बरं? रडणं नाही, हंबरडा नाही, माय व, बाप व नाही. गजेंद्रनं परत लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला, पुन्हा रिंग.

"रडल्या असतील मागून," जमुना म्हणाली.

"आन नसंल रडली त?" पुंजारामच्या कपाळावर घाम आला. "बापाच्या मातीले आली नाई ते. माह्यासाठी कायले रडते?"

"मी जाऊन येतो गाडीवर," गजेंद्र म्हणाला.

"नाई. मीच जातो. मले तिचे डोये पाहाचे हायेत."

आणि निघाला. वलगावहून ऑटोनं अमरावतीचा स्टँड, तिथून अकोल्याची बस. बसमध्ये खिडकीशी बसला, मग उठून पुढं बसला, मग कंडक्टरनं दटावलं तेव्हा परत मागं आला. बाहेर काळी रानं नांगरून पडली होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. म्हातारी बाई, एकटी, अशी खबर ऐकून तिलाच काही झालं तर, हे त्याला मूर्तिजापूरला सुचलं. इतका वेळ आपण फक्त तिच्या आसवांचा विचार केला याची त्याला लाज वाटली. पण खोटं कशाला बोला, बस हलली तशी लाज मागं पडली आणि भीती पुन्हा शेजारी येऊन बसली. रडली असंल का नाई?

अकोल्याचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय सांगावं. गोदाबाईच्या दाराला कुलूप होतं. पुंजारामनं फोन लावला, तर रिंग बंद दाराच्या आतून ऐकू यायला लागली. शेजारच्या ओसरीत एक तरुण बाई गहू पाखडत बसली होती, तिनं विचारलं, "कोण पाहिजे काका?" मंजुषा तिचं नाव, हे नंतर कळलं.

"गोदाबाई."

"अगं माय! त्या त अमरावतीकडं गेल्या. त्यांचे भाऊ वारले ना आज सकाळी. वलगावचे."

आपणच धाडलेली खबर, पण परक्या माणसाच्या तोंडून ऐकली आणि पुंजारामचा हात आपोआप नाडीवर गेला. इतकं सोपं असतं हे. भाऊ वारले ना, वलगावचे. सूप खाली न ठेवता सांगता येतं.

"लय रडल्या असतील," तो म्हणाला.

"एक टिपूस नाई हो काका! मलेच समजेना. डोक्यावरून पाणी घेतलं, कुलूप लावलं आन निघाल्या. फोन घरातच राहिला. चप्पलही नाई घातली पायात. मी मागून ओरडून राहिली, आजी, चप्पल! त्यांनी ऐकलंच नाई." तिनं त्याला ओट्यावर बसवलं, पाण्याचा गडवा दिला. "तुमी कोण त्यांचे?"

आता काय सांगावं? मेला तो मीच, असं म्हटलं असतं तर सुपासकट किंचाळली असती ती.

"वलगावचाच हावो," तो म्हणाला. "गावातला."

"मंग तुमी मातीले नाई थांबले?"

"जातो ना. निघालोच."

मंजुषानं सूप बाजूला ठेवलं. "चांगला माणूस होता का हो?"

पुंजारामनं गडवा खाली ठेवला. साठ वर्षांत त्याला कोणी हे विचारलं नव्हतं. "होता," तो म्हणाला. "बरा होता. तापट होता जरा. पण फुलं ताजी द्याचा." मग त्याच्या लक्षात आलं, आपण स्वतःला 'होता' म्हणून राहिलो, आणि जीभ अशी कोरडी पडली की दुसरा गडवा मागावा लागला.

"बहिणीचं मन दुखवलं असंल कधी त्यानं," मंजुषा म्हणाली. "भाऊबीज करून आल्या का आजी दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाईत."

तेवढ्यात जमुनाचा फोन आला. "अव, बाई येऊन बसल्या इथं. दारातच बसल्या, आत येत नाईत. मी सांगतलं सारं, कावळ्याचं, खोट्या खबरीचं. ऐकून घेतलं. पाणी देऊन राहिली त घेत नाईत."

"रडली का?"

"नाई."

"फोन दे तिले."

जमुनानं फोन पुढं केला असावा. गोदाबाईचा आवाज लांबून, पण खणखणीत ऐकू आला. "फोनवरचं मी काही खरं मानत नाई आता. समोर आणा त्याले. पाहीन तवाच पाणी घेईन."

निघताना मंजुषानं हात जोडले, "आजीले सांभाळा म्हणा," आणि पुंजाराम तशाच उन्हात माघारी फिरला. जाताना बस ज्या गावांवरून गेली त्याच गावांवरून परत आली, पण त्याला एकही दिसलं नाही. नाडीही पाहिली नाही. अनवाणी म्हातारी स्टँडच्या डांबरावरून चालत गेली असेल, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. भाऊ मेला म्हणून चप्पल विसरते आणि टिपूस काढत नाही, ही काय बाई आहे?

घरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. गोदाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. वाळलेली, उंच, पांढरं लुगडं. जमुना, रागिणी, गजेंद्र अंगणात चोरासारखे उभे. पुंजाराम समोर आला. गोदाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, उठली, जवळ आली, त्याच्या गालाला हात लावला, मानेला लावला, छातीवर ठेवला. मग तोच हात उचलून सणसणीत मुस्कटात मारली.

"बाई!"

"चूप. जिता हायेस ना? मंग लागू दे." आणि ती परत चौकटीशी बसली. तिच्या तळव्यांना फोड आले होते. पुंजाराम तिच्यासमोर मातीतच बसला.

"बाई, चुकलं. पण कावळा..."

"कावळ्याचं मले सांगू नको. कावळा बापाच्याही डोक्यावर बसला होता. आठवते का?"

पुंजारामला आठवलं. बाप अंगणात बसला होता, डोक्यावर कावळा बसला, आणि अकोल्याला मेल्याची खोटी तार केली होती.

"माहं नवं लग्न झालं होतं," गोदाबाई म्हणाली. "तार आली आन मी बसमधी ऊर बडवत आली. पुरी बस रडवली मी. दारात येऊन पाहते त बाप भाकर खाऊन राहिला. तुमी सारे हसले. तू त माही नक्कल करून दाखोली, पुंजा. माय व, बाप व, करत लोळला होतास इथं, याच आंगणात. मीही हसली. बाप जिता होता, हसू नाई त काय करू?"

गोदाबाईनं पदर सावरला.

"मंग थोड्याच दिवसांनी आपल्या शेजारचा नत्थुजी आला वलगावहून. म्हणे, गोदा, बाप गेला. मी म्हटलं, जा बापा, सांगा त्याईले, एकदा फसली, दुसऱ्यानं नाई फसत. नत्थुजी शपथा घेऊन राहिला आन मी हसून राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते, कुरडया घातल्या होत्या. म्या त्याच्याजवळ बापासाठी कुरडया धाडल्या रे. म्हटलं, खा म्हणा तळून."

पुंजारामला ती फडक्यात बांधलेली पुरचुंडी आठवली. नत्थुजीनं मान खाली घालून घरात ठेवली होती, कोणी विचारलंही नाही. तेरवीला त्याच तळल्या. त्यानंही खाल्ल्या होत्या.

"तिसऱ्या दिवशी सासऱ्याले कोणी सांगतलं, तवा मले खरं समजलं. बापाचं तोंड नाई पाहिलं म्या. आन तवाही रडू नाई आलं. तुमी खर्चून टाकलं होतं ना पहिलेच. सारं खोट्यावर." तिचा आवाज कापला, पण डोळे कोरडेच राहिले. "आज गजेंद्रचा फोन आला. खरं समजू का खोटं समजू? रडू का हसू? मी म्हटलं, काही नाई करत. पहिले जाते, तोंड पाहते, मंग सोडते. सारा रस्ता छातीत धरून आणलं म्या."

पुंजारामला वाटलं, आता तरी आपण गप्प बसावं. बापाचं तर खऱ्या आसवांनीही टळलं नव्हतं, पण भीती काय अशी सुटते? ती तोंडातून बाहेर पडलीच. "बाई, धरून आणलंच हाये त थोडंसं रड ना आता," तो कळवळून म्हणाला. "दोन टिपं टाक. तुह्या आसवानं उतरते ते. मले लय भेव वाटून राहिलं व. पंजाबराव बोलता बोलता गेला. मले झोप नाई, जेवण नाई. मले मराचं नाई, बाई."

जमुनानं तोंड फिरवलं. नवऱ्याच्या तोंडून हा शब्द इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच निघाला होता.

गोदाबाई जरा पुढं सरकली. "कोणाले मराचं असते?" ती म्हणाली. आवाज आता मऊ होता. "पण खोट्यावर एक टिपूसही नाई देणार तुले. बापाचं रडणं तुमी वाया घालवलं. तुहं राखून ठेवलं हाये म्या, खऱ्या दिवसासाठी."

"म्हणजे... मी मरणार."

"मंग काय राहणार हायेस का बह्याडा? मीही नाई राहत. मी पहिले गेली त तू येजो. चांगला वेळेवर ये, उशिरा नको येऊ."

मुस्कटात बसली होती त्यापेक्षा हे जोरात लागलं. डॉक्टर 'काही नाही' म्हणाला होता, जमुना 'काही होत नाई' म्हणायची, सगळे जण पोराला समजवावं तसं समजवायचे आणि त्याला एकाचंही खरं वाटलं नव्हतं. ही म्हातारी सरळ सांगत होती, मरशील. आणि मी रडीन. पुंजारामची भीती गेली नव्हती, पण आता तिच्याकडे पाठ करून पळावं असं वाटत नव्हतं.

"गजेंद्र," तो म्हणाला, "इकडं ये. ऐक. आजच्यासारखी खबर पुन्हा कवाच नाई द्याची. अन मी मेलो..." इथं तो अडखळला, पण त्यानं शब्द पुढं ढकलला. "मी मेलो का पहिला फोन बाईले. दुसरं कोणाले नाई."

"अन आत्याबाईनं इचारलं, खरं का खोटं, त मी काय सांगू?" गजेंद्रनं विचारलं. हिशोबी पोरगा, त्याला सगळं नीट पाहिजे असतं.

पुंजारामला वाटलं, शपथ घे म्हणावं, तर ती नत्थुजीनंही घेतली होती.

"काही सांगू नको बापा," गोदाबाई म्हणाली. "त्या दिवशी तुह्याच्यानं आजच्यासारखं सरळ बोलणंच होणार नाई. तू फोन लावशीन, आत्याबाई म्हणशीन, आन पुढं तुह्या तोंडून शब्द निघणार नाई. तवा मी समजीन."

गजेंद्र हसायला गेला. हसू ओठांवर आलंही, पण तिथंच वाकडं झालं. त्यानं बापाकडे पाहिलं, मातीत बसलेल्या, धुळीनं भरलेल्या, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर शब्द नाही. एवढा मोठा पोरगा, दोन पोरांचा बाप, अंगणात उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागला. रागिणी घाबरून पुढं आली, जमुनानं तिला हातानं थांबवलं.

पुंजाराम गुडघ्यावर हात टेकून उठला. पोराजवळ गेला, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागला, तो लहानपणी पडायचा तेव्हा फिरवायचा तसा.

"अबे, हावो ना मी अजून," तो म्हणाला. "जाय, आत्याले पाणी आण."